सत्याप्पा आण्णांची चुकांची भिशी

मी देवाला नमस्कार केला आणि त्यामुळं एका पेन्शनर सुभेदाराच्या घराचं जोतं एका शिक्षिकेच्या प्लॉटवर उभं राहिलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, हे लोकांना समजावून सांगताना पुढचे पंधरा दिवस माझा घसा बसला होता. तेव्हा आता कागदावरच सांगतो.

साल एक्क्याऐंशी. सदलग्याच्या शाळेत मॅट्रिक आणि निपाणीच्या कॉलेजात बी.कॉम. उरकून मी सरकारी विमा कंपनीचा एजंट झालो होतो. तंबाखूच्या वखारींना आगीचा विमा, बैलांना मरणाचा विमा, स्कूटरला दोन्हींचा. बसायला ऑफिस नव्हतं. रजिस्टर कचेरीसमोर सत्याप्पा कांबळ्यांची एक खोली होती. त्यात एक टेबल, दोन खुर्च्या आणि बाबासाहेबांची तसबीर. जागेचे व्यवहार जुळवून देणं हा त्यांचा धंदा. टेबलाची अर्धी बाजू त्यांनी मला दिली होती. भाडं म्हणून इंग्रजी पत्रं लिहून द्यायची आणि सांगितलेली कामं करायची. त्यातलंच एक काम मी करायला गेलो.

निपाणीच्या कडेला नवा ले-आऊट पडला होता. रस्त्याला लागून एका ओळीत नऊ प्लॉट, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर हद्दीचा दगड. मारुतीराव सुभेदार पलटणीतून निवृत्त होऊन बेळगावात कॅम्पात भाड्यानं राहत होते. बायकोचं माहेर निपाणी म्हणून त्यांनी इथला चार नंबरचा प्लॉट घेतला. खरेदीखत झालं, आता फक्त जागा दाखवून ताब्यात द्यायची होती. त्या दिवशी सत्याप्पा आण्णांना बेळगावात काम निघालं. मला म्हणाले, "सदलगेकर, जाऊन दाव जरा. पैल्या दगडापास्नं मोज, चौथा आला की थांब. लई अवघड न्हाय."

लई अवघड नव्हतंच. मी सुभेदारांना घेऊन ओळीच्या टोकाला गेलो. सुरुवातीलाच लागला शेंदूर फासलेला एक दगड, पुढं फुटका नारळ, चार अगरबत्त्यांच्या काड्या. मी चपला काढल्या, हात जोडले. सुभेदारांनी बूट असल्यामुळं नुसता कडक सॅल्यूट ठोकला. मग म्हसोबाला मागं टाकून त्याच्या पुढच्या दगडापासून मी मोजायला सुरुवात केली. देव कसा मोजणार?

माझा चौथा प्लॉट आला. त्याच्या मधोमध हातभर उंचीचं चिकूचं कलम होतं, बुडात आळं केलेलं.

"हे कुणाचं?" सुभेदारांनी विचारलं.

"तुमचंच की! जागेबरोबर फुकट," मी म्हणालो.

एवढ्या एका वाक्यात मी माझ्या पुढच्या सहा वर्षांची सोय करून ठेवली.

आता सत्याप्पा आण्णांविषयी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्यांचे वडील निपाणीतल्या वखारीत तंबाखूची बोदं, म्हणजे मोठी पोती, उचलायचे, आई तानीबाई तिथंच पानं निवडायची. आण्णा सातवी होऊन मोजणी खात्यात साखळी ओढायला लागले. अकरा वर्षं त्यांनी चिकोडी तालुक्यातले बांध साखळीनं मोजले. त्यानं त्यांच्या पावलालाच माप बसलं. त्यांचं पाऊल बरोबर अडीच फुटांचं. पैज लावून लोक टेपनं मोजायचे आणि चहाचे पैसे देऊन घरी जायचे. बहात्तर साली नोकरी सोडून त्यांनी जागेच्या व्यवहारात पाय घातला. का सोडली विचारलं तर म्हणायचे, "दुसऱ्याच्या जागा मोजून कट्टाळलो. म्हटलं, इकून तरी बघू."

पहिली चार वर्षं बरी गेली. शहात्तर साली दोन भावांची जागा त्यांनी एका किराणा दुकानदाराला मिळवून दिली. भावांनी सह्या केल्या, पेढे वाटले. आठ महिन्यांनी त्यांची सख्खी बहीण वकील घेऊन उगवली. तिचा हिस्सा होता आणि तिला कुणी विचारलंच नव्हतं. दाव्यात आण्णा झाले प्रतिवादी नंबर तीन. चिकोडीच्या कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. शेवटी तडजोड झाली, पण आण्णांना आपली दलाली परत करून वर आणखी भरावं लागलं. त्यात त्यांच्या बायकोच्या, पारूबाई वहिनींच्या, हातातले सोन्याचे दोन बिलवर गेले. वहिनींनी कधी बोलून दाखवलं नाही. फक्त एखादा नवा व्यवहार घरात बोलला गेला की त्या बांगड्या मनगटावर मागं सारायच्या, आणि काचेचा आवाज यायचा. तेवढा आण्णांना पुरायचा.

तेव्हापासून आण्णांची रीत बदलली. विकणारा आला की पहिलं वाक्य, "आदी भैनी दावा, मग जागा दावतो." बहीण नाही म्हणाला तर शेजारच्या दोघांकडून तसं लिहून घ्यायचं. जागेवर कर्जाचा बोजा आहे का, याचा शोध कचेरीत स्वतः बसून घ्यायचा. तिथला कारकून कानडीत "नाळि बर्री", उद्या या, म्हणाला की उद्या परत हजर, परवा परत हजर, शेवटी तोच कंटाळून दप्तर काढायचा. मग घेणाऱ्याला आणि चारी बाजूच्या शेजाऱ्यांना घेऊन, अनवाणी, हद्दीवरून चालायचं. तेवढं सुभेदारांच्या वेळी माझ्यावर पडलं, आणि शेजाऱ्यांना मी बोलावलंच नाही. आणि सगळं झालं की स्टँप पेपरवर आपल्या सहीची एक चिठ्ठी द्यायची : 'ही जागा माझ्यातर्फे चालून दाखविली आहे. दाखविण्यात चूक निघाल्यास भरपाई माझी.'

अशी चिठ्ठी दुसरा एकही दलाल देत नव्हता. म्हणून तर बेळगाव-कॅम्पातली माणसं बस बदलून निपाणीला यायची. आण्णांचा सगळा धंदा त्या चिठ्ठीवर उभा होता. एक चिठ्ठी खोटी पडली की संपलं.

मी टेबलावर आलो तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "तू बैलाचा इमा काडतोस, माज्या चुकीचा काडशील काय?"

मला प्रश्न आवडला. मी ऐटीत बेळगावच्या ऑफिसला गेलो. साहेबांनी जाडजूड पुस्तक उलटून पाहिलं. डॉक्टरसाठी काहीतरी होतं, दलालासाठी नव्हतं. साहेब हसून म्हणाले, "दलालाचा नेमका कशाचा काढायचा हो? पायाचा की जिभेचा?" मी अर्ज ठेवून आलो. अर्ज विचाराधीन आहे असं उत्तर आलं. तो अजून विचाराधीनच आहे.

आण्णा म्हणाले, "सरकार इच्यार करंपत्तूर आपण करू." आणि त्यांनी भिशी काढली. आमच्याकडं भिशी काही नवी नाही. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे घालायचे, चिठ्ठी उचलायची, ज्याचं नाव निघेल त्यानं रक्कम न्यायची. आण्णांच्या भिशीत चिठ्ठी नव्हती. पाच गावचे पाच दलाल, दर महिन्याला वीस रुपये पोस्टात. ज्याच्या हातून प्रामाणिक चूक होईल आणि भरपाईची पाळी येईल, त्याला ती रक्कम. बाकीच्या चौघांनी जागेवर जाऊन बघायचं, चूक आहे की लबाडी ते ठरवायचं. लबाडीला दमडी नाही. संकेश्वरचा भरमू आणि बेळगावातल्या शहापूरचा रवळू यांनी सुरुवातीला थट्टा केली. रवळूच्या घरात माग होते, तो लुगड्यांच्या धंद्यातून जागांकडं वळलेला. तो म्हणाला, "आण्णा, एवड्यासाठी आता आमी चुका करायला पायजेत काय?"

भिशीचे नियम लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी आगीच्या विम्याची पॉलिसी समोर ठेवून झोकात मसुदा केला. सातवं कलम तर मला इतकं आवडलं की दोनदा वाचून दाखवलं : 'सभासदाने स्वतः केलेल्या चुकीसच भरपाई मिळेल. त्याचे नोकर, नातेवाईक अथवा त्याने पाठविलेल्या इतर इसमाने केलेल्या चुकीस भिशी जबाबदार राहणार नाही.' भरमूला शब्द कळले नाहीत, पण वजन कळलं. म्हणाला, "झकास लिवलंय." सगळ्यांनी सह्या केल्या. दोन वर्षं गेली. दलालच ते, एकाच्याही हातून चूक झाली नाही. निदान कुणी कबूल केली नाही.

इतर इसम म्हणजे मी, हे कळायला सुभेदारांचं जोतं यावं लागलं.

सुभेदारांनी बांधकाम पलटणीच्या शिस्तीत चालवलं. वीस दिवसांत पाया खणून जोतं वर. दिवाळीच्या सुट्टीत जयाबाई आल्या. या सदलग्याला प्राथमिक शाळेत शिकवायच्या. मालक वारल्यावर स्वतःच्या पगारातून त्यांनी पाच नंबरचा प्लॉट घेतला होता, आणि तोही आण्णांच्याच चिठ्ठीवर. दर सुट्टीला येऊन चिकूला पाणी घालायच्या. त्या आल्या, जोत्याभोवती एक फेरी मारली आणि सुभेदारांना म्हणाल्या, "घर छान होतंय तुमचं. फक्त माझ्या जागेत होतंय. आणि माझं झाड कुठंय?"

झाड पायाच्या चरात गेलं होतं.

तासाभरात दोघेही आमच्या खोलीत. दोघांच्या हातात आण्णांच्या सहीची एकेक चिठ्ठी. सुभेदारांनी आपली टेबलावर आपटली. "आम्ही नकाशा बघून डोंगर घेतले. आणि तुम्हाला सपाट जमिनीवर चौथा प्लॉट सापडत नाही?"

आण्णांनी माझ्याकडं बघितलं. "कुटनं मोजलास?"

"म्हसोबाच्या पुढच्या दगडापासून."

आण्णांनी डोळे मिटले. "आरं, त्यो पैला दगड हाय! मीच रोवलाय त्यो."

झालं होतं असं : वखारीतनं सुटलेल्या बायका घरी जाताना त्या दगडापाशी विसाव्याला टेकायच्या. कुणाच्या तरी पोराचा ताप तिथं बसल्या बसल्या उतरला. तिनं शेंदूर आणला, दुसरीनं नारळ. वर्षभरात हद्दीच्या दगडाचा म्हसोबा झाला. आण्णांना देवदगडाचं काही नव्हतं, त्यांनी तो धर्म केव्हाच सोडला होता. पण त्यांनी त्याला हातही लावला नव्हता. "बायकांचा इसावा हाय त्यो," ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे की त्यांचा. पर शेंदूर त्यांचा, खालचा दगड मोजणीचा. मी त्येला धरूनच मोजतो."

मी म्हणालो, "मला काय ठाऊक? मी नमस्कार केला."

"नमस्कार कराय कोण नको म्हणालंय? नमस्कार करायचा आन् एक म्हणायचं!"

जयाबाई मध्येच म्हणाल्या, "ते तुमचं नंतर बघा. माझ्या जागेचं काय?"

आण्णांनी त्याच दिवशी तोड सुचवली. दोन्ही प्लॉट एकाच मापाचे. जोतं पाडण्यापेक्षा अदलाबदलीचा दस्त करू, खर्च सगळा माझा. सुभेदार तयार झाले. जयाबाईंनी चार नंबर चालून बघितला. तिथं मुरमाचा जुना खड्डा होता. "खड्डा भरून द्या, कुंपण घालून द्या, मग बघू." आण्णांनी जाऊन शहापूरहून एक साडी आणली, सन्मान म्हणून. बाईंनी घडीसुद्धा मोडली नाही. "आण्णा, साडीनं खड्डा भरत नाही." आण्णांना हे उत्तर इतकं पटलं की ती साडी त्यांनी पारूबाई वहिनींना दिली.

दस्त, खड्डा, कुंपण मिळून हिशेब सव्वीसशेवर गेला. आण्णांकडं तेव्हा निम्मेही नव्हते. आणि वहिनींच्या हातात आता फक्त काच होती.

भिशी बोलावली. चौघं दलाल आले आणि नियमाप्रमाणं जागेवर गेलो. म्हसोबापुढं सगळे उभे. मी माझंच सातवं कलम वाचून दाखवलं. दोन वर्षांपूर्वी वाचलं होतं तेव्हा आवाज खणखणीत होता. या वेळी भरमूला म्हणावं लागलं, "जरा मोट्यानं."

वाचून झालं. मग भरमूच आण्णांना बाजूला घेऊन, पण सगळ्यांना ऐकू येईल अशा हळू आवाजात म्हणाला, "सत्याप्पा, सोप्पं हाय. तू म्हण, मीच दावलो प्लॉट. कोण बगाय गेलतं?"

"मी त्या दिशी बेळगावात होतो."

"कुणाला म्हाईत हाय?"

"रवळूला. त्येच्याच घरात जेवालतो."

रवळू म्हणाला, "व्हय. दोन भाकरी जादा खाल्लास." मग घाईनं, "पर मी इसरू शकतो."

"तू इसरशील, मी कसा इसरू?" आण्णा म्हणाले. "आज हितं खोटं बोललो तर माज्या चिट्टीवर उद्या मीच इस्वास ठिवायचो न्हाय."

मला वाटलं, संपलं. सव्वीसशे रुपये आणि एका माणसाचं नाव, दोन्ही माझ्या सुंदर भाषेनं बुडवलं. मी म्हणालो, "आण्णा, पैसे मी भरतो. हप्त्यानं."

"गप रं." आण्णा खाली बसले. त्यांनी दगडावरचा वाळका हार जपून बाजूला केला, मागची बाजू हातानं पुसली. शेंदराखाली छिन्नीनं काढलेला एकचा आकडा होता. "ह्यो आकडा मीच काडलाय. शेंदूर चडताना मीच बगितलाय. आन् याला पाटिवताना मी काय सांगितलो? पैल्या दगडापास्नं मोज. पैला दगड आता देव झालाय, हे सांगितलोच न्हाय. ह्येनं मोजाय चुकलं, ती चूक ह्येची. मी सांगाय चुकलो, ती माजी सोताची. सातव्या कलमात 'सोताची' लिवलंय का न्हाय, सदलगेकर?"

"लिहिलंय," मी म्हणालो.

"मग सोताच्या चुकीपुरतं द्या. ह्येच्या चुकीचं मागत न्हाय."

चौघांनी बाजूला जाऊन विडी ओढली. आले आणि रवळूनं निकाल दिला : निम्मी चूक आण्णांची, निम्मी पोराची, निम्मे पैसे भिशी देईल, निम्मे आण्णांनी घालायचे. "सगळं दिलं तर," भरमू म्हणाला, "उद्या एकेक जण डोळं झाकून जागा दावंल." पुढं कधीतरी बेळगावच्या साहेबांच्या त्या जाड पुस्तकात मला ही युक्ती पुन्हा भेटली. नुकसानीतला काही भाग ज्याचा विमा त्यानंच सोसायचा, म्हणजे तो जपून वागतो. पुस्तकात तिला चार पानं लागली होती. भरमूनं ती विडी विझायच्या आत सांगितली.

दस्त झाला. खड्डा भरला. आपल्या निम्म्यासाठी आण्णांनी सायकल विकली आणि तीन महिने चालत फिरले. मोजायला बरं पडतं म्हणायचे. वहिनींनी आठवडाभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं. नंतर एक दिवस ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा पडला, तेव्हा मी समजलो.

हप्त्याची गोष्ट मी परत काढली तर आण्णांनी उडवून लावली. "तुजं पैशाचं काय न्हाय. पर झाडाचं काय? मास्तरीणबाईंच्या कागदात खड्डा आला, कुंपण आलं, झाड ऱ्हायलं. 'फुकट' म्हणून तूच दिलतास न्हवं?" त्यांनी स्टँप पेपर पुढं केला. मी लिहिलं : 'जयाबाईंच्या आवारात चिकूचे एक झाड, फळास आलेले, मी उभे करून देईन.' खाली सही. आण्णांनी ती चिठ्ठी टेबलासमोरच्या भिंतीला खिळा मारून लावली, मला सतत दिसेल अशी.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. भिशीत नऊ जण आहेत. सातवं कलम बदललं, ते मी सोप्या भाषेत लिहिलं, आणि त्यामुळं भरमूला आता ते झकास वाटत नाही. सुभेदार नव्या घरात पहाटे पाचला उठून अंगणात कवायत करतात. शेजारी जयाबाईंचंही घर उभं राहिलंय. बदली मागून त्या निपाणीला आल्या. म्हसोबा तिथंच आहे, बायका टेकतात. आण्णांनी त्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगानं ठळक एक काढून घेतलाय, आणि त्याला कुठल्याही बाईनं हरकत घेतली नाही. आण्णांचे केस पांढरे झाले, पाऊल अजून अडीच फुटांचंच. शहात्तरसारखी तारीख परत कधी लागली नाही. मागच्या वर्षी वहिनींच्या हातात बिलवर आले. आता नवा व्यवहार निघाला की वेगळाच आवाज येतो.

राहिलं माझं झाड. पहिलं कलम सुभेदारांच्या शेळीनं खाल्लं. दुसरं मी अति पाणी घालून मारलं. तिसरं आता माझ्या छातीला लागतंय. जयाबाई रस्त्यात भेटल्या की नमस्कार करतात आणि नुसतं विचारतात, "मग?"

परवा त्याला पहिल्यांदा फुलं दिसली, मोजून सात. मी धावत खोलीवर आलो, खिळा उपटायला पक्कड घेतली. आण्णांनी चष्म्यावरनं बघितलं.

"काय रं?"

"आण्णा, फुलं आली!"

"चिट्टीत काय लिवलंयस?"

मी वाचलं.

"फळास आलेले," आण्णा म्हणाले, आणि पक्कड काढून घेऊन ड्रॉवरमध्ये टाकली.